नव्या औषधाची खडतर परीक्षा

एकच कीटकनाशक वर्षानुवर्षे फवारले की कीड त्याला दाद देईनाशी होते, हे आपण जाणताच. रोगजंतूंचेही तसेच आहे. लाखो जंतूंत एखादा निबर निघतो. औषधाने बाकीचे मरतात, हा मात्र उरतो आणि पुढे त्याचीच पैदास होते. मग काल गाईच्या दगडीवर लागू पडलेले इंजेक्शन आज चालत नाही. माणसाच्या क्षयातही हाच प्रकार दिसतो. अशा जंतूंसाठी नवी औषधे शोधावी लागतात. ती पारखतात कशी?

पहिली पारख बशीत होते. काचेच्या बशीत आगाराचा खरवसासारखा थर ओततात, त्यावर जंतू सारवतात आणि औषधात भिजवलेली कागदाची टिकली ठेवतात. बशी ३५ ते ३७ अंश सेल्सिअस उबेत रात्रभर राहते. सकाळी जंतूंची साय धरलेली असते. औषध लागू असेल, तर टिकलीभोवती स्वच्छ कडे दिसते. कडेच नसेल, तर जंतू औषधाला निर्ढावलेला समजावा.

दुसरी पारख नळ्यांची. ओळीतल्या प्रत्येक नळीत आधीच्या नळीच्या निम्मे औषध असते, जंतू मात्र सर्वांत सारखेच. जंतू वाढले की द्रव गढूळ होतो. जी शेवटची नळी नितळ राहते, तीतली मात्रा जंतूंची वाढ रोखायला किमान लागते.

पण जंतू तर तेजाबानेही मरतात! म्हणून शरीराला अपाय होत नाही ना, हे आधी पेशींवर व जनावरांवर आणि मग टप्प्याटप्प्याने माणसांवर पाहतात.

स्ट्रेप्टोमायसिनचेच उदाहरण घ्या. १९४३ साली अमेरिकेत वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शाट्झ यांनी ते मातीतल्या सूक्ष्मजीवापासून मिळवले. ब्रिटनमध्ये क्षयाच्या १०७ रोग्यांवर त्याची चाचणी झाली व १९४८ साली तिचे निष्कर्ष छापले गेले. सहा महिन्यांत नुसती विश्रांती दिलेल्या ५२ जणांपैकी १४ दगावले, औषध दिलेल्या ५५ पैकी फक्त ४. परंतु त्याच चाचणीत अनेकांचे जंतू औषधाला निर्ढावले. म्हणून पुढे क्षयावर एकाहून अधिक औषधे जोडीने देण्याची रीत पडली.

२०१५ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी टेक्सोबॅक्टिन हे नवे द्रव्य जाहीर केले. प्रयोगशाळेत न वाढणारा जिवाणू त्यांनी बारीक कप्प्यांत घालून मातीतच वाढवला होता. उंदरांवर गुण आला, पण बशीपासून दवाखान्यापर्यंतची वाट लांब असते.

तोवर हाती असलेली औषधे जपली पाहिजेत. कास सुजली तर डॉक्टरांना बोलवा आणि इंजेक्शनापूर्वीच दुधाचा नमुना तपासणीस द्या. सड पुसून, स्पिरिट लावून, पहिल्या धारा सोडून निर्जंतुक बाटलीत दूध घ्यावे व थंड ठेवून लगेच पोचवावे. मात्रा सांगितली तितकी पुरी करा. डॉक्टर सांगतील तितके दिवस त्या गाईचे दूध घरात वा डेअरीत देऊ नका. कोंबड्यांच्या खाद्यात प्रतिजैविके मिसळू नका. त्यांपैकी कोलिस्टिनवर तर सरकारने २०१९ सालीच बंदी घातली आहे. माणसासाठी राखलेले ते अखेरच्या उपायांपैकी एक आहे. ते गोठ्यात आणि खुराड्यात खर्ची पडले, तर उद्या आपल्याच लेकराच्या वेळी डॉक्टरांच्या हाती काय उरेल?