स्विचला डीएनएस कशाला लागतो?

मागच्या वेळी व्हीलॅन झाले. शेवटी मागच्या रांगेतून प्रश्न आला होता, की स्विच मॅक ॲड्रेस बघून फ्रेम पुढे पाठवतो, मग त्याला डीएनएस कशाला? प्रश्न रास्त आहे. तुमच्या संगणकासाठी नावं शोधणं हे स्विचचं काम नाहीच. संगणकाला डीएनएसचा पत्ता डीएचसीपीतून मिळतो. पण मॅनेज्ड स्विच स्वतःही नेटवर्कवरचा एक ग्राहक असतो. त्याला वेळ विचारायची असते, लॉग पाठवायचे असतात. तिथे आयपीऐवजी नाव लिहिलंत, की डीएनएस आलाच.

सिस्कोच्या आयओएसवर ‘आयपी नेम-सर्व्हर’ लिहून पुढे सर्व्हरचा पत्ता द्यायचा. ‘आयपी डोमेन-नेम’मध्ये संस्थेचं डोमेन, एसएसएचची आरएसए की बनवतानाही ते लागतं. लेअर दोनच्या स्विचवर लोक हमखास विसरतात ते ‘आयपी डिफॉल्ट-गेटवे’. डीएनएस सर्व्हर दुसऱ्या सबनेटमध्ये असेल, तर गेटवेशिवाय स्विच तिथे पोचणार कसा?

आणि हो, ‘शो’चं स्पेलिंग चुकलं की स्विच त्यालाच कुणाचं तरी नाव समजून शोधत बसतो. आपण आपले स्क्रीनकडे बघत! (हशा) कंट्रोल-शिफ्ट-6 दाबून सुटका होते. त्याला वैतागून बरेच जण ‘नो आयपी डोमेन-लुकअप’ टाकतात. मला ते पटत नाही, कारण मग टाइम सर्व्हरचं नावही सापडत नाही. कन्सोल आणि व्हीटीवाय लाइनवर ‘ट्रान्सपोर्ट प्रिफर्ड नन’ द्या, तेवढ्याने त्रास थांबतो.

आता एक अनुभव. एका संस्थेत डीएनएस सर्व्हर बदलला, स्विचवर मात्र जुनाच पत्ता राहिला. चूक माझी. महिनोन्‌महिने काही बिघडलं नाही. मग एकदा वीज गेली, संध्याकाळी 6:35 ला आली. त्या स्विचला बॅटरीवरचं घड्याळ नव्हतं, टाइम सर्व्हरचं नाव सापडेना. घड्याळ सुरू झालं 1 मार्च 1993 पासून. त्याच रात्री कुणीतरी लॅबच्या पोर्टला परका लॅपटॉप लावला. संशय लॅबमधल्या मुलावर. लॉगमध्ये वेळ काय? 1 मार्च, 9:10.

सुदैवाने स्विच पुन्हा बंद झाला नव्हता. ‘शो व्हर्जन’मधल्या अपटाइमवरून सुरू झाल्याची वेळ काढली, तीही 6:35 च आली. टाइमझोन लावलेला नव्हता, म्हणजे घड्याळ शून्यापासून चाललेलं. 6:35 मध्ये नऊ तास दहा मिनिटं मिळवा: पहाटेचे पावणेचार. मुलगा आठलाच गेला होता, हजेरीच्या वहीत सही होती.

दुरुस्ती करताना एक बघा. नवा ‘आयपी नेम-सर्व्हर’ लिहिला म्हणून जुना जात नाही, तो यादीत राहतो. स्विच आधी त्यालाच विचारतो, उत्तराची वाट बघतो, मग पुढे जातो. जुना ‘नो’ लावून काढायचा, नावाने पिंग करून बघायचं, आणि कॉन्फिगरेशन सेव्ह करायचं. चला, प्रश्न घेऊ.