परसातली मांजरे आणि रांगते मूल

बेळगावातल्या जुन्या बंगल्यांना अजून परस आहे, आणि परस म्हटला की शेजारचे मांजर आलेच. भुसभुशीत माती दिसली की ते आपला विधी उरकते, वर माती लोटते आणि सभ्यपणे निघून जाते. दुर्गंधीची तक्रार सगळेच करतात. माती खाणाऱ्या मुलाच्या आईला मी मात्र परसाविषयी मुद्दाम विचारतो.

टॉक्सोप्लाझ्मा हा परोपजीवी १९०८ साली सापडला; मांजराच्या विष्ठेतून तो पसरतो हे उमगायला १९७० च्या आसपासचा काळ उजाडला. विष्ठेतली त्याची बीजे बाहेर पडताच बाधत नाहीत, त्यांना एक ते पाच दिवस लागतात. म्हणून सफाई रोजच्या रोज हवी. ओलसर मातीत ती वर्षभरही तग धरतात. ब्लीचिंग पावडरला ती दाद देत नाहीत, उकळत्या पाण्याने मात्र मरतात.

हातमोजे घालून खुरप्याने भोवतालच्या मातीसकट घाण उचलावी, खतात मिसळू नये. गरोदर सुनेला हे काम मुळीच सांगू नये. वाफ्यावर तारेची जाळी अंथरली की मांजराला उकरता येत नाही.

डांबराच्या गोळ्या टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो मला बिलकूल मान्य नाही. नॅफ्थलीनची गोळी जी-सिक्स-पीडीची कमतरता असलेल्या मुलाच्या पोटात गेली, तर तांबड्या पेशी फुटतात, लघवी काळपट होते आणि प्रसंगी रक्त चढवावे लागते.