हरिश्चंद्रगड : चढाईच्या वाटा

सह्याद्रीतील हरिश्चंद्रगड या गिरिदुर्गावर व त्याच्या तारामती शिखरावर जाणाऱ्या मार्गांचे स्वरूप आणि त्यांतून निवड करण्याचे निकष. गड अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात, ठाणे व पुणे जिल्ह्यांच्या सीमांलगत असून त्याची उंची समुद्रसपाटीपासून सु. १,४२४ मी. आहे. तारामती, रोहिदास व हरिश्चंद्र ही त्याची तीन शिखरे. त्यांपैकी तारामती सर्वांत उंच. राज्यातील सर्वोच्च शिखर कळसूबाई (१,६४६ मी.) याच अकोले तालुक्यात, उत्तरेस आहे, तथापि तेथे बहुतेक लोक बारी गावाकडून लोखंडी शिड्यांच्या एकाच रुळलेल्या वाटेने चढतात व निवडीचा प्रश्न सहसा उद्‌भवत नाही. हरिश्चंद्रगडाचे तसे नाही. त्यावर तीन बाजूंनी चढता येते, या बाजूंच्या श्रमांत व धोक्यांत फार मोठे अंतर आहे आणि वाट निवडण्यातील किंवा ओळखण्यातील चूक येथे प्राणघातकही ठरली आहे.

गडाचे भौगोलिक स्थान ध्यानी घेतल्यास वाटांमधील फरक उलगडतो. येथे सह्याद्रीच्या मुख्य रांगेपासून हरिश्चंद्र–बालाघाट ही डोंगररांग फुटून आग्नेयेस जाते व गोदावरी आणि भीमा यांची खोरी एकमेकींपासून अलग करते. त्यामुळे गडावर पडणारे पावसाचे पाणी तीन दिशांना वाटले जाते. पाचनईकडचे पाणी मंगळगंगेतून मुळेला व पुढे प्रवरा–गोदावरीला मिळते; खिरेश्वरकडचे कुकडी व घोड या नद्यांवाटे भीमेला जाते; तर कड्याखाली बेलपाड्याकडे पडणारे पाणी काळू नदीवाटे उल्हास नदीला मिळून अरबी समुद्रास जाते. गडाच्या तीन प्रमुख वाटाही याच तीन खोऱ्यांतून चढतात. त्यांपैकी दोन घाटमाथ्यावरून निघतात व एक कोकणातून. आणि चढाईच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा भेद हाच आहे.

ही डोंगररांग पूर्वेकडे उतरत जाऊन बीड जिल्ह्यात बालाघाट या नावाने ओळखली जाते. माजलगाव ज्या सिंदफणा नदीकाठी वसले आहे ती याच रांगेत पाटोदा तालुक्यात उगम पावते व माजलगाव तालुक्यातील मंजरथनजीक गोदावरीस मिळते. अर्थात दोन टोकांच्या डोंगरांत साम्य थोडे. माजलगावकडील बालाघाट म्हणजे सपाट माथ्याचे, विरळ झाडीचे व कमी पावसाचे पठार. तेथे चुकलेला वाटसरू कोणत्याही दिशेने चालला तरी तासा-दोन तासांत एखाद्या वस्तीस लागतो. हरिश्चंद्रगडावर दिशा चुकल्यास मध्ये कडा येतो. मराठवाड्यातून प्रथमच येथे येणाऱ्यांनी हा फरक विशेष लक्षात घ्यावा. कारण त्यांच्या बाबतीत निवड बरेचदा रस्ताच करून टाकतो. कल्याणहून माळशेज घाट, आळेफाटा, अहिल्यानगर, पाथर्डी, माजलगाव, पाथरी, परभणी व नांदेडवरून निर्मलकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग (क्र. ६१, पूर्वीचा क्र. २२२) गडाच्या दक्षिण पायथ्याजवळील खुबी फाट्यावरून जातो. माजलगावहून निघालेला मनुष्य हा रस्ता न सोडता पश्चिमेस गेला की खुबी फाट्यास पोहोचतो आणि तेथून जवळच असलेल्या खिरेश्वरची वाट धरतो. पाचनईस जाण्यासाठी मात्र महामार्ग सोडून अकोले–राजूर बाजूस वळावे लागते. सोयीचा रस्ता व सोपी वाट या येथे दोन भिन्न गोष्टी आहेत.

पाचनईची वाट : चढाईस सर्वांत सोपी. पाचनई हे मुळातच घाटमाथ्यावरील उंच गाव असल्याने प्रत्यक्ष चढायची उंची कमी राहते. सामान्य चालीने दोन ते तीन तासांत हरिश्चंद्रेश्वर मंदिर गाठता येते. वाटेचा बराच भाग एका उभ्या कातळभिंतीच्या पोटातून, मंगळगंगेची घळ एका हातास ठेवून जातो. ओढा ओलांडला की मंदिराचे पठार लागते. वृद्ध, मुले व प्रथमच डोंगर चढणारे यांच्यासाठी हीच वाट योग्य होय. या वाटेवर मोठे अवघड टप्पे नाहीत. मात्र भर पावसात ओढ्याला अचानक लोंढा येतो व तो ओसरेपर्यंत अलीकडेच थांबणे भाग पडते.

खिरेश्वर–टोलार खिंडीची वाट : खिरेश्वर हे पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यातील गाव पिंपळगाव जोगे धरणाच्या जलाशयाजवळ असून तेथील नागेश्वराचे प्राचीन मंदिर प्रसिद्ध आहे. गावातून झाडीतल्या वाटेने टोलार खिंडीत पोहोचता येते. खिरेश्वर आणि अकोले तालुक्यातील कोथळे यांना जोडणारी ही जुनी खिंड नेमकी गोदावरी व भीमा यांच्या पाणलोटांच्या सीमेवर आहे. खिंडीत वाघाचे एक दगडी शिल्प असून त्यावरून खिंड ओळखू येते. पलीकडे कोथळ्यास उतरणारी व डावीकडे गडावर चढणारी अशा दोन वाटा येथे फुटतात. गडाकडे वळताच उभा कातळ लागतो. त्यात पायऱ्यांसारख्या खोबण्या असून आधारासाठी लोखंडी कठडे बसविले आहेत. पाहणाऱ्यास हाच टप्पा कठीण वाटतो आणि तो ओलांडला की गड जिंकला असा समज होतो.

या वाटेचे खरे दुखणे त्यापुढेच आहे. कातळ चढून माथ्याच्या पातळीस आल्यावर मंदिरापर्यंत अद्याप सु. दोन तासांची चाल उरते. हा भाग नकाशावर सपाट भासला, तरी प्रत्यक्षात तो लहानमोठ्या टेकाडांचा व त्यांमधील झाडीने भरलेल्या घळींचा आहे. एका टेकाडावरून उतरावे व दुसऱ्यावर चढावे असे सहा-सात वेळा करावे लागते. एक पाऊलवाट बालेकिल्ल्याकडे जाते, दुसरी त्यास वळसा घालते. गुरांच्या वाटा त्यांना जागोजागी छेदतात. कारवीच्या दाट रानात पुढचे शिखर दिसत नाही. स्वच्छ हवेत हे सर्व निभावते. परंतु जून ते सप्टेंबर या काळात येथे कित्येक दिवस धुके हलत नाही आणि वीस पावलांपलीकडचे दिसेनासे होते. अशा वेळी चढण संपलेली असते, वाट मात्र सापडत नाही. अंगावरील कपडे भिजलेले, वारा पश्चिमेकडून थेट अंगावर येणारा व दिवस मावळतीला लागलेला. ऑगस्ट २०२३ च्या आरंभी या बाजूने निघालेला तरुणांचा एक गट धुक्यात व पावसात वाट चुकला आणि रानात रात्र काढावी लागल्याने त्यांपैकी एकाचा गारठ्याने मृत्यू झाला. उष्ण कटिबंधातील, दीड हजार मीटरांहूनही कमी उंचीच्या डोंगरावर थंडीने मनुष्य दगावतो हे अनेकांस खरे वाटत नाही. ओले कपडे, वारा व थकवा हे तिन्ही एकत्र आल्यावर शरीराची उष्णता वेगाने घटते. त्यासाठी बर्फ पडण्याची गरज नसते.

म्हणून पावसाळ्यात खिरेश्वरहून चढणाऱ्याने पहाटे निघावे, शक्यतो गावातील वाटाड्या बरोबर घ्यावा आणि दुपारी टोलार खिंडीतच धुके भरलेले दिसल्यास तेथून मागे फिरावे. मागे फिरण्याची अखेरची निर्धोक जागा खिंड हीच आहे. कठडे चढून गेल्यावर ओल्या कातळावरून अंधारात उतरणे हे चढण्याहून कठीण. पूर्वीपासून मुंबई–कल्याणकडील मंडळी रात्रीच्या एस. टी. ने खुबी फाट्यास उतरून अंधारातच चालू लागत. वाट पाठ असलेल्यांना ते जमत असे. त्यांचे अनुकरण नवख्यांनी करणे इष्ट नव्हे. खिरेश्वरहून जुन्नर दरवाजाकडे थेट चढणारी आणखी एक वाट आहे. ती जवळची, पण फार उभी व घसरडी असून माहितगाराशिवाय तिच्या नादी लागू नये.

कोकणातील वाटा : या वाटा ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यातील बेलपाड्याहून निघतात. येथे चढणाऱ्यास कोकणच्या पातळीवरून माथ्यापर्यंत, म्हणजे एकूण हजार मीटरांहून अधिक उंची एका दिवसात चढावी लागते. समोर कोकणकडा उभा असतो. अर्धवर्तुळाकार, मध्यभागी आत गेलेला व माथ्याकडे पुढे झुकलेला हा कडा दक्षिण ट्रॅपच्या बेसाल्ट थरांचा बनलेला आहे. लाव्ह्याचे आडवे थर एकावर एक साचल्याने सह्याद्रीच्या अशा उतारांवर उभे कडे व अरुंद पायऱ्या आलटून पालटून येतात. मऊ थर झिजून सपाटी होते, कठीण थराचा कडा उरतो. या कड्यांना जेथे उभ्या भेगांनी छेद दिला आहे तेथे झीज अधिक होऊन अरुंद घळ पडते. अशा घळीस ‘नळी’ किंवा ‘नाळ’ म्हणतात. कोकणकड्यालगतच्या घळीतून वर जाणारी ‘नळीची वाट’ ही अशीच आहे.

नळीची वाट रूढ अर्थाने वाट नव्हे. पायथ्याचे रान संपल्यावर प्रथम ओढ्यातील मोठमोठ्या शिळांवरून, पुढे सुट्या दगडांच्या घसाऱ्यावरून व शेवटी उभ्या कातळटप्प्यांवरून चढावे लागते. या टप्प्यांवर दोर व तो लावू जाणणारा मनुष्य बरोबर असणे आवश्यक आहे. सात ते नऊ तास लागतात; गट मोठा असल्यास अधिक, कारण कातळावर एका वेळी एकच जण चढू शकतो व वरच्याच्या पायाने सुटलेला दगड नळीतून थेट खालच्याच्या अंगावर येतो. गट लहान ठेवणे हे येथे शिस्तीचे नव्हे, सुरक्षिततेचे अंग आहे. पावसाळ्यात नळीतून पाणी कोसळते, त्यामुळे ती वर्ज्य. घळ पश्चिमेस उघडी असल्याने सकाळी तीत सावली असते, पण दुपारनंतर कातळ तापतो. उन्हाळ्यात तीत पाणीही मिळत नाही. यास्तव नोव्हेंबर ते जानेवारी एवढाच काळ तिला अनुकूल राहतो. बेलपाड्याहून साधले घाटानेही घाटमाथा गाठता येतो. ती कोकण व देश यांना जोडणारी जुनी रहदारीची वाट असून नळीपेक्षा पुष्कळ निर्धोक आहे. नळीने चढलेले अनेक जण उतरताना तिचाच आश्रय घेतात. माकडनाळ ही कड्यानजीकची दुसरी घळ मात्र केवळ कसलेल्या गिर्यारोहकांसाठी आहे.

प्रत्यक्ष कोकणकड्यावर दोराच्या साहाय्याने चढणे-उतरणे हा वेगळाच प्रांत होय. जानेवारी २०२० मध्ये अरुण सावंत या दीर्घ अनुभवाच्या गिर्यारोहकाचा या कड्यावर अंत झाला. नुसता कडा पाहण्यास आलेल्यांनीही काठापाशी उभे न राहता पालथे पडून खाली डोकवावे. खालून येणारा वारा इतका जोराचा असतो की, टाकलेली हलकी वस्तू उलट वर येते. धुके व पाठीमागचा सूर्य यांचा योग जुळल्यास येथे खालच्या ढगांवर स्वतःच्या सावलीभोवती वर्तुळाकार इंद्रधनुष्य दिसते. यास ‘इंद्रवज्र’ म्हणतात. ब्रिटिश अधिकारी कर्नल साइक्स यांनी दख्खनच्या हवामानावरील आपल्या १८३५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात त्याचे वर्णन केले होते.

माथ्यावर हरिश्चंद्रेश्वराचे मंदिर, पुष्करिणी, राहण्याजोग्या गुहा आणि केदारेश्वराची गुहा आहे. केदारेश्वराचे मोठे शिवलिंग थंडगार पाण्यात असून त्याभोवतीच्या चार खांबांपैकी एकच शाबूत आहे. चांगदेवांनी येथे तप केल्याची व तत्त्वसार  हा ग्रंथ येथेच रचल्याची परंपरा आहे. मंदिराच्या मागील बाजूने तारामतीचा माथा तासाभरात चढता येतो. कोकणकडा मंदिराच्या पश्चिमेस आहे. हा सर्व परिसर १९८६ मध्ये स्थापन झालेल्या कळसूबाई–हरिश्चंद्रगड अभयारण्यात येत असल्याने वन विभागाचे नियम लागू आहेत.

उतरण्याची वाट चढण्यापूर्वीच ठरवावी लागते. पाचनई व खिरेश्वर यांमधील अंतर गडावरून अर्ध्या-पाऊण दिवसाच्या चालीचे असले, तरी गाडीरस्त्याने डोंगरास मोठा वळसा पडतो. बेलपाडे तर माळशेज घाटाच्या पायथ्याशी आहे. एका बाजूने चढून दुसऱ्या बाजूने उतरणाऱ्यास वाहनाची तजवीज निराळी करावी लागते. माजलगावकडून खुबी फाट्यापर्यंत येणाऱ्यांनी पाचनईची वाट निवडल्यास प्रवासाचे काही तास वाढतात. ते वाचविण्यासाठी पावसाळी संध्याकाळी टोलार खिंड चढू लागणे परवडणारे नाही. अशा वेळी खिरेश्वरला मुक्काम करून उजाडताच निघावे.