दुकानात काय ठेवायचं नाही? कुंकू, अत्तर आणि क्रीममधले घातक घटक

कॉस्मेटिक्सच्या व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून राहिलेलं सगळं इथे सविस्तर लिहितेय. तुम्ही कुंकू-बांगड्यांचं दुकान, जनरल स्टोअर, पार्लर किंवा घरगुती साबण-परफ्यूमचा व्यवसाय सुरू करणार असाल, तर मालाची पहिली ऑर्डर द्यायच्या आधी हा लेख वाचा.

आधी माझी चूक सांगते. बीबीए झाल्यावर मी सासऱ्यांचं तुळजापुरातलं दुकान बघायला लागले. हळद-कुंकू, ओटीचं सामान, कवड्यांच्या माळा, बांगड्या, थोडं अत्तर. पहिल्याच नवरात्रात एका व्यापाऱ्यानं सुटं कुंकू स्वस्तात आणून दिलं. रंग इतका भडक की लांबून दिसायचं. बिल नाही, पाकिटावर नाव नाही. मी हिशोब केला, मार्जिन दुप्पट. पोतं ठेवून घेतलं.

कोजागिरीनंतर एक मावशी आल्या. दर पौर्णिमेला येणाऱ्या, आमच्या जुन्या गिऱ्हाईक. कपाळ लालबुंद, सुजलेलं, मधे पाणी सुटलेलं. चिडल्या नव्हत्या, हेच जास्त लागलं. म्हणाल्या, "ताई, तुमच्याकडूनच नेलं होतं बगा कुंकू. देवीचं म्हणून रोज लावत होते." मी व्यापाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "सगळे हेच विकतात." कुंकवात नेमकं काय आहे, हे त्यालाही माहीत नव्हतं आणि मलाही. मी रोज शंभर बायकांना कपाळाला लावायची वस्तू देत होते आणि ती कशाची आहे हे मला सांगता येत नव्हतं. त्या दिवसापासून मी लेबल वाचायला शिकले.

१. कुंकू, शेंदूर आणि टिकली

पारंपरिक कुंकू हळदीचं असतं. हळकुंडाला लिंबाचा रस, टाकणखार, तुरटी यांची प्रक्रिया केली की पिवळी हळद लाल होते. हा लाल रंग जरा मातकट, गडद असतो. चमकणारा गुलाबी-लाल रंग हळदीतून येत नाही, तो कृत्रिम रंगातून येतो. कापडाचे किंवा कारखान्याचे स्वस्त रंग त्यात घातले की खाज, पुरळ, काळे डाग सुरू होतात. चिमूटभर कुंकू पाण्यात टाकून बघा. पाणी लगेच भडक रंगलं तर शंका घ्या. पण हा फक्त इशारा आहे, खात्री प्रयोगशाळेतच होते.

शेंदूर ही वेगळी वस्तू आहे. मारुतीच्या मूर्तीला लावायचा शेंदूर बऱ्याचदा शिशाचा ऑक्साइड असतो. तो कपाळाला किंवा भांगात लावायचा नाही. २०१७ साली अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठाच्या संशोधकांनी न्यू जर्सी, मुंबई आणि दिल्लीच्या दुकानांतून सिंदूर आणून तपासला. ११८ नमुन्यांपैकी सुमारे ८० टक्के नमुन्यांत शिसं सापडलं. शिशाची कुठलीही पातळी सुरक्षित नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. सगळ्यात जास्त धोका लहान मुलांना. आईच्या कपाळाचा हात बाळाच्या तोंडात जातो आणि शिसं मेंदूच्या वाढीवर परिणाम करतं.

म्हणून माझ्या दुकानात आता शेंदूर वेगळ्या फळीवर असतो आणि वर ठळक पाटी आहे: "फक्त मूर्तीसाठी. अंगाला लावू नये."

टिकलीचं काय? धोका टिकलीच्या डिंकात असतो. काही चिकट पदार्थांत पॅरा-टर्शरी-ब्युटिल-फिनॉल नावाचं रसायन असतं. त्यामुळे काही बायकांच्या कपाळावर टिकलीच्या आकाराचा पांढरा डाग पडतो. गिऱ्हाईक "कोड आलं" म्हणून घाबरतं, घरात लपवतं. असं कोणी सांगितलं तर टिकली बंद करायला सांगा आणि त्वचारोग डॉक्टरांकडे पाठवा. आपण डॉक्टर व्हायचं नाही.

२. गोरेपणाची क्रीम: इथे किडनी पणाला लागते

एक साधा हिशोब बघा. समजा बिननावाची क्रीम ४० रुपयांना पडली आणि १५० ला गेली. दिवसाला दहा डब्या म्हटलं तरी महिन्याला तेहतीस हजार! कुणालाही मोह होईल. आता दुसरी बाजू बघा.

अकोल्यातल्या एका तरुणीनं ब्युटिशियनकडून अशी क्रीम घेतली. मग तिची आई आणि बहीणही तीच वापरायला लागल्या. २०२२ संपेपर्यंत तिघींनाही किडनीचा आजार झाला. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांनी कारण शोधलं, तेव्हा क्रीममध्ये पारा निघाला. एकाच घरातल्या तिघी, एकाच डबीमुळे.

केरळमध्ये मलप्पुरम जिल्ह्यातल्या कोट्टक्कल इथल्या डॉक्टरांनाही हेच दिसलं. जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात त्यांनी किडनीच्या एका विशिष्ट आजाराचे २२ रुग्ण तपासले. त्यातल्या १५ जणांत या आजाराचा एक दुर्मिळ प्रकार सापडला आणि त्या १५ पैकी १३ जण गोरेपणाची क्रीम वापरत होते.

पारा त्वचेत मेलॅनिन तयार होऊ देत नाही, म्हणून चेहरा पटकन उजळतो. तोच पारा कातडीतून रक्तात आणि रक्तातून किडनीत जातो. आपल्या कायद्यानं सौंदर्यप्रसाधनात मुद्दाम पारा घालायला मनाई आहे. नकळत आलेला पारासुद्धा दहा लाखांत एक भाग, म्हणजे एक पीपीएमच्या वर चालत नाही. फक्त डोळ्यांच्या प्रसाधनांसाठी ही मर्यादा ७० पीपीएम आहे.

ओळखायचं कसं? पाऱ्याची नावं लेबलवर अशी असू शकतात: कॅलोमेल, मर्क्युरिक आयोडाइड, अमोनिएटेड मर्क्युरी. आणि डबीवर "सोन्या-चांदीच्या दागिन्यांना लागू देऊ नका" असं लिहिलेलं असेल तर तो माल लगेच परत करा. पारा सोन्या-चांदीला धरतो, म्हणून ती सूचना असते. अर्थात, खोटा माल विकणारा खरं लेबल लावेलच असं नाही. उत्पादकाचा पत्ता नसणं हीच पहिली खूण समजा.

दुसरा प्रकार म्हणजे स्टिरॉइडच्या ट्यूब. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन ही नावं दिसली की ते औषध आहे. २०१८ साली सरकारनं असे त्वचेला लावायचे स्टिरॉइड शेड्यूल एच मध्ये टाकले, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विक्री नाही. जनरल स्टोअर आणि पार्लरवाल्यांनी त्याला हातही लावायचा नाही.

३. अत्तर आणि परफ्यूम

अत्तर-परफ्यूम स्वतः भरून विकायचा व्यवसाय आज बरेच जण सुरू करतात. बाटली आणि सुगंध मिळाला की झालं, असं वाटतं. इथे तीन गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली, स्पिरिट. परफ्यूममध्ये इथेनॉल वापरतात. बाजारात स्वस्त "स्पिरिट" म्हणून मिथेनॉल मिळू शकतं. ते दिसायला सारखंच, पण विषारी. श्वासातून आणि कातडीतूनही शरीरात जातं, आणि डोळ्यांची दृष्टी जाऊ शकते. कोविडच्या काळात, जून २०२० मध्ये, मिथेनॉल वापरून सॅनिटायझर बनवणाऱ्यांबद्दल सीबीआयनं राज्यांना सावध केलं होतं. तपासणीचा दाखला नसेल तर ते स्पिरिट घेऊच नका.

दुसरी, पातळ करायचं तेल. बरंचसं स्वस्त अत्तर डायइथाइल थॅलेट, म्हणजे डीईपी, किंवा पॅराफिन तेलात पातळ केलेलं असतं. डीईपीवर बंदी नाही. पण त्याच कुटुंबातली डीबीपी आणि डीईएचपी ही रसायनं प्रजननाला घातक म्हणून युरोपनं सौंदर्यप्रसाधनांत बंद केली आहेत. तुमच्या बाटलीत नेमकं कोणतं आहे, हे पुरवठादाराकडून लेखी घ्या. आणि पातळ केलेलं अत्तर "शुद्ध चंदन" म्हणून विकू नका.

तिसरी, सुगंधी रसायनं. लेबलवर नुसतं "परफ्यूम" किंवा "फ्रॅग्रन्स" लिहिलं तरी आत अनेक रसायनं असू शकतात. लिलियल नावाचं फुलासारख्या वासाचं रसायन युरोपनं १ मार्च २०२२ पासून बंद केलं. त्यामुळे जुन्या छापाचा स्वस्त माल कोणी देत असेल तर घटकांत ब्युटिलफिनाइल मिथाइलप्रोपिओनल हे नाव आहे का बघा, ते लिलियलच.

"आमचं नैसर्गिक आहे" म्हटलं की विषय संपत नाही. बर्गमॉट हे लिंबाच्या जातीतल्या फळाचं तेल आहे. ते मानेला लावून उन्हात गेलं तर काळपट पट्टे उठू शकतात. आपल्याकडचं ऊन तुम्हाला माहीतच आहे. गिऱ्हाइकाला सांगा, अत्तर कपड्याला लावा.

४. काळी मेंदी

खरी मेंदी केशरी, लाल, तपकिरी रंगते. दहा मिनिटांत काळीकुट्ट होणाऱ्या मेंदीत बहुतेक वेळा पीपीडी, म्हणजे पॅराफिनिलीनडायअमाइन असतं. हे केसांच्या रंगात वापरतात, हातावर लावायला नाही. एकदा त्याची ॲलर्जी झाली की सहसा ती जन्मभर राहते. पीपीडी असलेल्या केसांच्या रंगावर धोक्याची सूचना आणि आधी त्वचेवर थोडं लावून बघायची माहिती छापणं बंधनकारक आहे. ती नसेल तर माल घेऊ नका.

५. लेबलवर पाच गोष्टी बघा

१. उत्पादकाचं नाव आणि पूर्ण पत्ता
२. उत्पादन परवाना क्रमांक
३. बॅच नंबर
४. घटकांची यादी
५. वापरायची शेवटची तारीख

परदेशी मालावर आयात करणाऱ्याचं नाव, पत्ता आणि नोंदणी क्रमांकही हवा. यातलं एक जरी नसलं, तरी माल परत.

आणि बिल! याकडे आपण सगळे दुर्लक्ष करतो. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० नुसार निरीक्षकानं विचारलं तर माल कुणाकडून घेतला हे तुम्हाला सांगावं लागतं. बनावट किंवा भेसळीचं सौंदर्यप्रसाधन विकलं तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि किमान ५० हजार रुपये दंड होऊ शकतो. पण माल रीतसर परवानाधारकाकडून घेतला, योग्य काळजी घेतली, नीट साठवला आणि दोष कळणं शक्य नव्हतं, हे सिद्ध करता आलं तर कायदा दुकानदाराला संरक्षणही देतो. ते सिद्ध करायला हातात बिल लागतं. जीएसटी वाचवायला सोडलेलं बिल पुढे फार महाग पडतं.

६. स्वतः बनवणार असाल तर

साबण, लिपबाम, परफ्यूम घरात बनवून विकायला परवाना लागतो. सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० प्रमाणे अर्ज राज्याच्या परवाना अधिकाऱ्याकडे, म्हणजे आपल्याकडे अन्न व औषध प्रशासनाकडे करायचा. स्वतःची जागा उभी करायला भांडवल नसेल तर लोन लायसन्सचा मार्ग आहे, म्हणजे परवाना असलेल्या कारखान्यात आपला माल बनवून घ्यायचा. बचत गटाच्या ताईंनी हा पर्याय जरूर बघावा. रंग घेताना लक्षात ठेवा, सौंदर्यप्रसाधनाच्या रंगात शिसं २० पीपीएम आणि आर्सेनिक २ पीपीएमपेक्षा जास्त चालत नाही. तपासणी अहवाल मागायला लाजू नका.

आता शेवटचं. त्या पोत्याचं काय झालं? मी ते विकलं नाही. उरलेल्या मालाचे पैसे बुडाले. हळदीचं कुंकू महाग पडतं, रंगही भडक नाही, त्यामुळे पहिलं वर्ष विक्री खाली आली. सासरे म्हणाले, "असंच चाललं तर दुकान बंद करावं लागंल." मी मावशींना नवीन कुंकू दिलं, पैसे घेतले नाहीत. त्यांनी ते महिनाभर लावलंच नाही, नुसतं देव्हाऱ्यात ठेवलं. विश्वास असा एका पुडीनं परत येत नाही. पुढच्या चैत्री पौर्णिमेला त्या आल्या, कपाळाला तेच कुंकू होतं, आणि सोबत गावातल्या चौघी होत्या.

तुमच्यासाठी गृहपाठ: आज दुकान बंद करायच्या आधी कोणत्याही दहा वस्तू उचला आणि वरच्या पाच गोष्टी तपासा. ज्या नापास होतील त्या उद्या सकाळी फळीवर ठेवू नका. भेटू पुढच्या व्हिडिओत!