जुन्या कपड्यांची नवी प्रतिष्ठा

आपल्या देशात जुना कपडा विकत घेणे ही अलीकडेपर्यंत चारचौघांत सांगण्याची गोष्ट नव्हती. थोरल्या भावाचा सदरा धाकट्याने घालावा, आईची साडी मुलीने नेसावी, यात संकोच नसे. परंतु परक्याच्या अंगावरून उतरलेले वस्त्र घेणे म्हणजे दारिद्र्याची कबुली. त्यामागे विटाळाची जुनी कल्पनाही होतीच. आज महानगरांतील तरुण त्याच कपड्याला ‘थ्रिफ्ट’ म्हणतात आणि अभिमानाने मिरवतात. हा बदल मला स्वागतार्ह वाटतो. पण तो अपुरा आहे.

जुन्या कपड्यांचा व्यापार नवा नाही. दिल्लीच्या रघुवीर नगरात उजाडण्यापूर्वीच त्यांचा बाजार भरतो. मूळच्या गुजरातेतील देवीपूजक समाजाच्या स्त्रिया दारोदार फिरून भांड्यांच्या बदल्यात कपडे मिळवतात आणि तेथे आणतात. महाराष्ट्रात हेच काम बोहारीण करते. व्यापारी ते धुऊन, शिवून, इस्त्री करून आठवडी बाजारांत श्रमिक कुटुंबांना विकतात.

दुसरा प्रवाह परदेशातून येतो. वापरलेल्या कपड्यांच्या आयातीला परवाना लागतो. चिंध्या केलेले लोकरी कपडे पानिपतला जातात आणि त्यांच्या सुतापासून स्वस्त ब्लँकेटे विणली जातात. तरीही दिमापूर, कोहिमा, शिलाँग येथील बाजारांत परदेशी कपड्यांचे गठ्ठे दीर्घकाळ फुटत आले आहेत आणि तेथे ते घेण्यात कमीपणा मानला जात नाही. 2020च्या टाळेबंदीत इन्स्टाग्रामवर जुन्या कपड्यांची दुकाने झपाट्याने वाढली, तेव्हा त्यांत ईशान्येतील अनेक तरुण विक्रेते होते.

येथून खरेदीची रीतच पालटली. पूर्वी ढिगात हात घालून, शिवण तपासून, घासाघीस करून कपडा निवडला जाई. आता निवड विक्रेता करतो. मापे आणि किंमत छायाचित्राखाली लिहिलेली असतात आणि जो आधी कळवील, कपडा त्याचा. या श्रमांचे मोल किमतीत धरले जाते, ते न्याय्यच आहे. मात्र हीच पारख रघुवीर नगरातील स्त्री वर्षानुवर्षे करीत आली; तिच्या पारखीला कुणी मोल दिले नाही.

पर्यावरणाचा दावाही तपासून घ्यावा. जुना कपडा नव्याऐवजी घेतला, तरच पाणी आणि कापूस वाचतो. नव्याच्या जोडीला घेतला, तर केवळ कपाट भरते. शिवाय आजचे अनेक स्वस्त कपडे इतके तकलादू असतात, की दुसऱ्या धन्यापर्यंत ते टिकतच नाहीत. त्यांच्या बदल्यात भांडे देणारीच्या पदरी मग तोटा येतो.

जुन्या वस्त्राची लाज गेली, हे उत्तमच झाले. पण ते वस्त्र गाठोड्यात बांधून हिंडणाऱ्या स्त्रीला आपल्या वसाहतींचा पहारेकरी आजही फाटकाशीच अडवतो. प्रतिष्ठा कपड्याला मिळाली. ती तिलाही मिळावी, एवढेच मला मागायचे आहे.