शेवटच्या पानापर्यंत

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

"अहो, तुम्ही कवी माणूस, आणि हातात रहस्यकथा?" रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर एका परिचितांनी मला विचारले. मी चटकन पुस्तक पिशवीत टाकले आणि मग माझे मलाच हसू आले. रहस्यकथांचे हे असेच आहे. वाचणारे पुष्कळ, कबूल करणारे थोडे. १८२८ साली स्थापन झालेले नगर वाचनालय ज्या शहरात आहे, तिथेही "सध्या काय वाचताय?" या प्रश्नाला रहस्यकथेचे नाव उत्तर म्हणून सहसा येत नाही. मग ही पुस्तके इतकी हाताळलेली, दुमडलेली का असतात, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे.

माझ्या लहानपणी आमच्या वाडीत बाबूराव अर्नाळकरांची पुस्तके गणपती-शिमग्याला येणाऱ्या चाकरमान्यांच्या ट्रंकांतून येत. अर्नाळकरांचा जन्म १९०६ चा, निधन १९९६ मध्ये. त्यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळा पहाड, धनंजय-छोटू ही नावे आमच्या तोंडी शाळेतल्या मित्रांसारखी असत. पुढे गुरुनाथ नाईक आणि सुहास शिरवळकर आले. आमच्या घरात मामूंमुळे उर्दूतले इब्ने सफीही येत. १९५२ मध्ये अलाहाबादहून त्यांची 'जासूसी दुनिया' सुरू झाली होती. हे इब्ने सफी आधी 'असरार नारवी' या नावाने शायरी करीत असत. तेव्हा कवीच्या हाती रहस्यकथा हा काही मोठा गुन्हा नव्हे!

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. माणसाला या कथा का आवडतात? पहिले उत्तर सोपे आहे, कोड्याचा आनंद. लेखक पुरावे समोर मांडतो, वाचक त्याच्याशी पैज लावतो. १९२९ मध्ये रोनाल्ड नॉक्स या इंग्रज धर्मगुरूने रहस्यकथेचे दहा नियम सांगितले. वाचकाला फसवावे, पण अन्यायाने फसवू नये, असा त्यांचा आशय. म्हणजे खेळ न्याय्य हवा.

पण हे उत्तर पुरे पडत नाही. एकदा सर्क्युलेटिंग लायब्ररीतून आणलेल्या पुस्तकात विसाव्या पानावर कुणी खट्याळाने पेन्सिलीने लिहून ठेवले होते, 'खुनी वकील आहे.' मी चिडलो, पण पुस्तक खाली ठेवले नाही. शेवटपर्यंत वाचले. आवडलेल्या रहस्यकथा तर आपण दोनदा-तीनदा वाचतो. उत्तर माहीत असूनही कोडे सोडवायला कोण बसते? तेव्हा कोड्यापलीकडे आणखी काही असले पाहिजे.

दुसरे उत्तर इतिहासात सापडते. एडगर अ‍ॅलन पो यांची 'द मर्डर्स इन द रू मॉर्ग' ही कथा १८४१ ची. आधुनिक रहस्यकथेची सुरुवात बहुधा तिथूनच मानतात. शेरलॉक होम्स अवतरला १८८७ मध्ये. हा काळ मोठ्या शहरांचा, वर्तमानपत्रांचा आणि नव्या पोलीस खात्यांचा. खेड्यात कोण कुणाचा, हे सगळ्यांना ठाऊक असते. शहरात शेजारच्या खोलीतला माणूसही अनोळखी. अशा गर्दीत चपलेच्या मातीवरून माणूस ओळखणारा कुणी असावा, असे वाटणे साहजिक होते. कोकणातून गिरणीत कामाला गेलेल्या, एकेका खोलीत दहा-पंधरा जणांनी राहणाऱ्या चाकरमान्याला मुंबईने हीच अनोळख दिली. दिवसभर राबून आलेल्या माणसाला झुंजार जवळचा वाटला, यात नवल नाही. या कथेत गरिबाला छळणारा शेठ सुटत नसे. बाहेर तो बहुधा सुटत असे.

तिसरे उत्तर मला एका कवीकडून मिळाले. डब्ल्यू. एच. ऑडेन या इंग्रज कवीने १९४८ मध्ये रहस्यकथांवर एक निबंध लिहिला. आपल्याला या कथांचे व्यसन आहे, हे त्याने मोकळेपणाने कबूल केले. त्याचे म्हणणे थोडक्यात असे. खून होताच त्या छोट्याशा जगातला प्रत्येक जण संशयित ठरतो. गुप्तहेर एकाकडे बोट दाखवतो, त्या क्षणी बाकी सगळे निर्दोष ठरतात आणि त्यांच्याबरोबर वाचकाचे मनही हलके होते.

हे वाचले आणि मला माझी दादी आठवली. मी दहा-अकरा वर्षांचा असेन. दादीची सोन्याची चेन हरवली. घरी धुण्याभांड्याला एक बाई येत. कुणीही त्यांना तोंडावर चोर म्हटले नाही. पण त्या आल्या की कपाटाला कुलूप लागू लागले. पूर्वी त्यांना चहा स्वयंपाकघरात मिळे, तो पडवीत मिळू लागला. महिनाभरात त्यांनी काम सोडले आणि मुलीकडे मुंबईला निघून गेल्या. पावसाच्या तोंडावर तांदळाची कणगी रिकामी केली, तेव्हा तळाशी चेन सापडली. दादीने स्वतःच ती तिथे लपवली होती आणि विसरली होती. तिने त्या बाईंचा पत्ता पुष्कळ शोधला, पण लागला नाही. "तिला सांगायचं राहिलं रे," असे ती अखेरपर्यंत म्हणत असे.

त्या घरात मीही होतो. अर्नाळकर वाचून गुप्तहेर झालेला मी त्या बाईंच्या पिशवीकडे चोरून पाहत असे. आज वाटते, रहस्यकथेची ओढ इथेच आहे. पुस्तकात संशयाला शेवट असतो. ज्याच्यावर वृथा आळ आला, त्याला शेवटच्या प्रकरणात सगळ्यांसमोर मान ताठ करता येते. प्रत्यक्षात चोर सापडला तरी आळ घेतलेल्या माणसापर्यंत ती बातमी पोहोचेलच असे नाही. जे आयुष्यात राहून जाते, ते निदान कथेत पुरे व्हावे, म्हणून आपण पाने उलटत राहतो.

म्हणूनच जाता जाता एक काळजी बोलून दाखवतो. आता रहस्यकथेची जागा पुष्कळशी बातमीने घेतली आहे. सकाळी गुन्हा घडतो आणि दुपारपर्यंत आपण चहाच्या टपरीवर, टीव्हीसमोर, मोबाईलवर खुनी ठरवून मोकळे होतो. कधी नावावरून, कधी वस्तीवरून, कधी नुसत्या फोटोवरून. आरोपी आणि गुन्हेगार या दोन शब्दांतले अंतर आपल्याला दिसेनासे होते. पुढे काही वर्षांनी न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले, तर ती बातमी आतल्या पानावर चार ओळींत येते आणि तोवर आपण ते नावही विसरलेले असतो.

रहस्यकथेचा मुरलेला वाचक असे करीत नाही. पहिल्या प्रकरणात ज्याच्यावर संशय येतो, तो सहसा खरा गुन्हेगार नसतो, हे त्याला अनुभवाने ठाऊक असते. तो थांबतो, पुरावा तपासतो, शेवटच्या पानापर्यंत कुणाला दोषी धरत नाही. ही सवय पुस्तकाबाहेर थोडी जरी उतरली, तरी त्या दुमडलेल्या पुस्तकांचे पैसे फिटले म्हणायचे. एसटी स्टँडवरचे ते परिचित पुन्हा भेटले, तर मी पुस्तक लपवणार नाही. वाचून झाले की त्यांनाच वाचायला देईन.