अलेक्झांडर बेल्यायेव

अलेक्झांडर रोमानोविच बेल्यायेव (१६ मार्च, १८८४ – ६ जानेवारी, १९४२) हे रशियन विज्ञानकथालेखक होते. सोव्हिएत काळात प्रामुख्याने विज्ञानकथेलाच वाहून घेतलेल्या पहिल्या लेखकांत त्यांची गणना होते.

जीवन

बेल्यायेव यांचा जन्म स्मोलेन्स्क येथे एका ख्रिस्ती धर्मोपदेशकाच्या घरी झाला. १९०१ मध्ये त्यांनी धर्मशिक्षण पूर्ण केले, परंतु वडिलांचा मार्ग न स्वीकारता यारोस्लाव्ल येथे कायद्याचा अभ्यास करून वकिली केली. तिशीच्या सुमारास त्यांना मणक्याचा क्षयरोग जडला. याल्टा येथे उपचार घेताना ते काही वर्षे प्लास्टरमध्ये जखडून अंथरुणाला खिळून होते. हा आजार पुढे आयुष्यभर उलटत राहिला.

दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्याने लेनिनग्राडजवळील पुश्किन शहर घेतले, तेव्हा शस्त्रक्रियेनंतरच्या अशक्तपणामुळे बेल्यायेव तेथेच राहिले होते. व्याप्त शहरात उपासमारीच्या दिवसांत त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या दफनाची नेमकी जागा अज्ञात आहे. तेथील कझान दफनभूमीतील स्मारक केवळ प्रतीकात्मक आहे.

लेखन

'प्रोफेसर डोवेलचे मस्तक' ही १९२५ मधील कथा त्यांनी १९३७ मध्ये कादंबरीरूपात विस्तारली. डॉक्टर केर्न हा आपल्या सहकाऱ्याचे धडावेगळे मस्तक प्रयोगशाळेत जिवंत ठेवतो आणि त्याच्या बुद्धीवर स्वतः कीर्ती मिळवतो. मस्तकाला बोलता येते ते गळ्यात हवा सोडणारी तोटी उघडली तरच, आणि ती उघडण्यास केर्नची सक्त मनाई असते. या कल्पनेमागे आपल्या आजारपणाचा अनुभव असल्याचे लेखकाने स्वतः नमूद केले आहे. कादंबरीतील शस्त्रक्रिया आज भाबड्या वाटतात. मस्तकाची असहायता मात्र तशी वाटत नाही.

'उभयचर माणूस' (१९२८) या कादंबरीत अर्जेंटिनातील शल्यविशारद साल्वातोर हा इख्तिआंदर नावाच्या मुलाच्या शरीरात शार्कचे कल्ले बसवतो. समुद्रात मुक्तपणे वावरणाऱ्या या तरुणाला मोत्यांचा व्यापारी झुरिता गुलामाप्रमाणे राबवू पाहतो. संकटाचे मूळ येथे शोधात नसून लोभात आहे. १९६२ मध्ये प्रदर्शित झालेला या कादंबरीवरील चित्रपट सोव्हिएत संघात अतिशय लोकप्रिय ठरला.

अंतराळ-स्थानकाचे चित्रण करणाऱ्या 'केत्स तारा' (१९३६) या कादंबरीचे नाव रॉकेटशास्त्रज्ञ कॉन्स्टान्टिन एदुआर्दोविच त्सिओल्कोव्स्की यांच्या आद्याक्षरांवरून घेतलेले आहे. 'एरियल' (१९४१) या कादंबरीचा आरंभ भारतात, मद्रास परिसरातील एका गूढ विद्यालयात होतो. तिचा नायक कोणत्याही यंत्राविना उडू शकतो. ती लिहिणाऱ्या बेल्यायेव यांना त्या काळात अंथरुणातून उठणेही अनेकदा अशक्य होत असे.